चारशे चौकोन

जाळीत आडव्या एकवीस रेघा होत्या आणि उभ्या एकवीस. म्हणजे वीस गुणिले वीस, चारशे चौकोन; प्रत्येक चौकोन पाच मिलिमीटरचा, आणि सगळ्यांच्या मधोमध एक काळा ठिपका. कागद फ्रिजच्या दारावर आंब्याच्या आकाराच्या चुंबकाने लावलेला होता. शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्र्यंबकने त्या कागदासमोर उभं राहून, डावा डोळा तळहाताने झाकून, उजव्या डोळ्याने मोजणी केली. वरच्या चार ओळी पूर्ण होत्या, ऐंशी चौकोन. खालच्या तीन पूर्ण, साठ. मधल्या तेरा ओळींत डाव्या कडेचे तीन-तीन आणि उजव्या कडेचे दोन-दोन, पासष्ट. एकूण दोनशे पाच. बाकीच्या जागी, ठिपक्यासकट, चहाच्या पातेल्याच्या तळाशी राहतो तसला तपकिरी डाग होता आणि त्याच्या काठच्या रेघा शिजलेल्या शेवयांसारख्या वाकल्या होत्या. त्याने पुन्हा मोजलं. दोनशे दोन. तिसऱ्यांदा दोनशे पाच. मग त्याने तळहात काढला, आणि डाव्या डोळ्याच्या कृपेने चारशेच्या चारशे चौकोन जागच्या जागी येऊन उभे राहिले, मास्तर वर्गात शिरल्यावर कार्टी बाकावर बसतात तसे.

मोजायचं त्याच्या मनात नव्हतं. तोंड धुताना साबण डाव्या डोळ्यात गेला, तो पंचा शोधत स्वयंपाकघरात आला, आणि समोर फ्रिजचं दार होतं पण त्यावर जाळी नव्हती. एवढंच घडलं. पंचा त्याच्या खांद्यावरच होता. फ्रिजच्या बाजूला सुतळीने टांगलेली वही त्याने उतरवली. या वहीत तारीख, उजवा, डावा असे तीन रकाने त्यानेच पट्टीने आखले होते. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे वयामुळे नको त्या रक्तवाहिन्या उगवल्याचं निदान झालं, तेव्हा ठाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला ही जाळी दिली होती. रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघा, रेघा सरळ दिसल्या तर खूण करा, वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी या. त्या कागदाखाली छापलेलं मराठी इतकं गचाळ होतं की त्र्यंबकने लाल पेन्सिलीने त्यातल्या चार चुका दुरुस्त केल्या होत्या. वहीच्या शेवटच्या पानावर गुरुवारची खूण होती. शुक्रवारची म्हणजे आजची होती. आणि शनिवारची, उद्याची, तीही होती.

तो बाकावर बसला. एकतीस वर्षं त्याने कल्याणच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून काढली होती. प्राध्यापक त्याला आडनावाने हाक मारत आणि मुलं सर म्हणत, आणि दोघांबद्दलही त्याला सारखाच तिटकारा होता. पण मुलांबद्दलचा अधिक ताजा, कारण मुलं रोज नवी यायची. लंबकाचा प्रयोग करताना खिडकीतून बाहेर बघत बसायची आणि शेवटची दहा मिनिटं उरली की उत्तरावरून उलटं येत रीडिंग तयार करायची. गुरुत्वत्वरण, सेंटिमीटरमध्ये, नऊशे एक्क्याऐंशी. पंचवीसच्या पंचवीस जर्नलांत नऊशे एक्क्याऐंशी. त्र्यंबक जर्नल उघडायचा आणि आकडे न वाचताच सांगायचा, हे खोटं आहे. खरं रीडिंग कुरूप असतं. त्यात खाडाखोड असते, एखादा आकडा रकान्याबाहेर पडतो, घामाचा डाग असतो. खोटं रीडिंग सुबक असतं, एका बैठकीत, एका शाईत, एका तिरकेपणात लिहिलेलं. ब्लेडने खरवडलेला आकडा पकडायचा तर पान उजेडासमोर धरायचं. कागद जिथे पातळ झालेला असतो तिथून उजेड येतो. 'नोंद म्हणजे नोंद' असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याला स्वतःचा आवाज आवडायचा.

त्याने दाढीच्या डब्यातलं ब्लेड आणलं आणि शुक्रवारची व शनिवारची खूण खरवडली. शुक्रवारसमोर नीट अक्षरात लिहिलं: उजवा २०५, डावा ४००. नखाने कागद घासून गुळगुळीत केला.

"काय करताय हो?" सुमतीने दुधाची पिशवी कापता कापता विचारलं.

"योगिनीला फोन कर. डोळा दाखवायचाय."

"कुठला?"

"दाखवण्यासारखा एकच आहे," तो म्हणाला.

मुलगी वर्तकनगरहून गाडी घेऊन आली आणि दवाखान्याकडे जाताना मुंब्रा बायपासवर ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर तिने तिसऱ्यांदा तेच विचारलं, "बाबा, पण एका दिवसात एवढं कसं होईल?" योगिनी कुठल्याशा कंपनीत माणसं नेमायचं काम करायची आणि माणसांशी बोलताना मान तिरकी करायची. ती मान त्याला सहन होत नसे. तो बाहेर बघत राहिला. सगळं व्यवस्थित दिसत होतं. हीच तर या दुखण्याची नीच गोष्ट होती: एक डोळा काम करत राहतो आणि दुसऱ्याची गैरहजेरी झाकतो, कारकुनाने शेजारच्या कारकुनाची सही ठोकावी तशी. कधीपासून, हे त्याला ठाऊक होतं. नऊ तारखेला, रविवारी, टिटवाळ्याला सुमतीच्या भावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. अकराव्या मजल्यावर, बंद खिडक्यांच्या खोलीत होम पेटवलेला आणि धुराने डाव्या डोळ्याला धार लागली. तो डोळा रुमालाने दाबून त्याने गुरुजींकडे पाहिलं तर सोवळं होतं, पळी धरलेला हात होता, आणि मानेवर चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी तपकिरी डाग बसून मंत्र म्हणत होता. त्र्यंबकला आधी हसू आलं. मग त्याने रुमाल काढला, चेहरा परत आला, आणि त्याने स्वतःला सांगितलं, धूर. त्यानंतर बारा दिवस त्याने डावा डोळा एकदाही झाकला नाही. पाहायचं नाही असं त्याने ठरवलं नव्हतं. तो फक्त पाहत नव्हता. सोळा तारखेला, रविवारी, नेहमीप्रमाणे त्याने शनिवारपर्यंतच्या सात खुणा करून टाकल्या. नेहमीप्रमाणे, कारण गेलं वर्षभर डोळ्यातली इंजेक्शनं तीन-तीन महिन्यांवर गेली होती आणि रोज सकाळी दुधाच्या आधी कागदासमोर एक डोळा झाकून उभं राहणं त्याला पोरखेळ वाटायला लागलं होतं. रेघा सरळच दिसत. जे सरळच दिसणार आहे ते रोज काय लिहायचं. हे वाक्य त्याने प्रयोगशाळेत किमान शंभर तोंडांतून ऐकलं होतं.

दवाखान्यात टीव्हीवर आवाज बंद करून पाककृती चालू होती आणि बाकांवरचे म्हातारे ती तोंड उघडं टाकून बघत होते, प्रत्येक जण आपापल्या उरलेल्या भागातून. त्र्यंबकने त्यांच्याकडे पाहिलं आणि आपण त्यांच्यातले नाही असं त्याला नेहमीप्रमाणे वाटलं. तपासणीच्या खोलीत दिपिका होती. डोळ्यांचा नंबर काढणारी, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालणारी ही पोरगी चेंदणी कोळीवाड्यातली होती, भराभरा बोलायची आणि 'मी आलेली, मी बघितलेलं' असली मराठी वापरायची. पहिल्याच भेटीत त्र्यंबकने तिला 'बघितलं होतं' असं सुधारून सांगितलं, त्यावर ती म्हणाली होती, "हां काका, तेच. हनुवटी टेकवा."

"काय झालं काका? तुमची तर जानेवारीची तारीख आहे ना?" तिने उजव्या डोळ्याला तक्ता दाखवला. वरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा त्याला दिसलं नाही. ती पुढे आली. "बोटं किती?" तिने हात जवळ आणला. "आता?"

"तीन."

"एक मीटरवर बोटं मोजता येतात," ती स्वतःशी बोलत लिहीत होती. "वही आणलीय?"

वही त्याने दिली. डोळ्याचा स्कॅन झाला आणि डॉक्टर कादंबरी दारातूनच त्याचे फोटो बघत आत आल्या. पस्तिशीची, कानाला फोन न लावता कुणाशी तरी बोलणारी बाई. स्वतःच्या डोळ्याची सुई ज्या माणसाच्या हातात द्यायची त्याचं नाव कादंबरी असावं, याचं त्र्यंबकला दोन वर्षं वाईट वाटत होतं. "सर, पडद्याच्या खाली रक्त साचलंय. बरोबर मधल्या भागाखाली," त्या म्हणाल्या. "मला एकच सांगा, कधी झालं? कारण त्यावर सगळं आहे. दोन-तीन दिवसांचं असेल तर इथेच डोळ्यात औषध आणि गॅसचा बुडबुडा सोडते, पालथं झोपायचं, रक्त मधून बाजूला सरकतं. जुनं असेल तर ते गोठून बसलेलं असतं, नुसत्या गॅसला हलत नाही. मग ऑपरेशन. आतला जेलीसारखा द्रव काढायचा, पडद्याखाली केसाएवढ्या सुईने रक्त विरघळायचं औषध सोडायचं, मग गॅस."

"वहीत आहे," त्र्यंबक म्हणाला. "काल सकाळपर्यंत सरळ."

"व्हेरी गुड. मग आज दुपारीच गॅस करू," असं म्हणून डॉक्टर बाहेर योगिनीशी बोलायला गेल्या. बाहेरून योगिनीचा सुटकेचा आवाज आला. दिपिका वही चाळत होती. ती हळू चाळत होती, हे त्र्यंबकच्या लक्षात आलं, आणि तिने एक पान उचलून तपासणीच्या दिव्यासमोर धरलं तेव्हा तिची पाठ त्याच्याकडे होती. पातळ झालेल्या दोन जागांमधून उजेड आला. तो त्याला डाव्या डोळ्याने स्वच्छ दिसला.

"काका," ती न वळता म्हणाली, "तुम्ही दर रविवारी पेन बदलता काय?"

त्र्यंबकने तक्त्याकडे बघितलं.

"नाय, म्हणजे हे बघा. सात खुणा निळ्या, सात काळ्या, मग परत सात निळ्या. एकसारख्या. माणूस रोज सकाळी एवढा सेम उठतो?" ती आता वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला झोंबलं. "माझ्या आईसमोर मासा ठेवला तर ती पकडल्याचा वार सांगते. तुम्ही मला वही दाखवताय. किती दिवस झाले, खरं सांगा. मी मॅडमना वहीचं नाय सांगणार, फक्त दिवस सांगणार."

त्या क्षणी त्याला तिच्याबद्दल जे वाटलं तो तिरस्कारच होता. पण तो नेहमीसारखा तिच्यावर उतरेना, त्याच्यापाशीच घुटमळत राहिला. खोटं सांगितलं तर दुपारी गॅस, तीन दिवस पालथं, आणि वही जशी आहे तशी. योगिनीची मान तिरकी होणार नाही. रक्त हललं नाही तर तो वैद्यकशास्त्राचा दोष. खरं सांगितलं तर चाकू, आणि शिवाय हे: एकतीस वर्षं ज्यांच्या जर्नलांवर त्याने लाल पेन्सिलीने 'पुन्हा करा' लिहिलं त्या सगळ्यांच्या रांगेत, शेवटच्या बाकावर, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ब्लेड हातात घेऊन. आपला डोळा वाचावा असं त्याला वाटत होतं. पण त्याहून अधिक, आपण पकडले गेलो नाही असं व्हावं, असं वाटत होतं. आणि या दोन इच्छांतली कुठली मोठी आहे हे त्याने मोजलं, पुन्हा मोजलं; उत्तर तेच आलं.

"बारा," तो म्हणाला. "नऊ तारखेपासून तरी."

"ओके," दिपिका म्हणाली, आणि कागदावर लिहून बाहेर गेली. तिला एवढंच हवं होतं. त्याची लाज तिने पाहिलीसुद्धा नाही.

डॉक्टर परत आल्या तेव्हा त्यांनी वहीकडे बघितलं नाही. "बरं झालं कळलं. गॅसने काही झालं नसतं आणि अजून आठवडा गेला असता. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं. पण सर, मी खोटी आशा देत नाही. रक्त बाजूला काढता येईल. त्याच्याखालच्या पेशी किती जगल्यात, ते मला आत जाऊनही सांगता येणार नाही."

"म्हणजे आकडा नाही."

"नाही."

या एका उत्तरासाठी त्याला ती बाई थोडी बरी वाटली.

शनिवारी डोळा बधिर केला तरी आतला अंधार पूर्ण नव्हता. हिरव्या कापडाखाली, स्वतःच्याच श्वासाच्या ओलसर वासात, त्र्यंबकला एक पिवळा उजेड दिसला आणि त्या उजेडात बाजूने सरकत आलेली एक काळी काठी, टोकाला बारीक. ती डोळ्याच्या आत आहे हे त्याला कळत होतं आणि ते भयंकर वाटण्याऐवजी त्याला प्रयोगशाळेतल्या मत्स्यपेटीत नळी घालून पाणी बदलणारा शिपाई आठवला. काठी थांबली. उजेडात एक फुगवटा उठला, पाण्याखालून कुणी चादर उचलावी तसा. "आता हलू नका सर," डॉक्टर म्हणाल्या, आणि लगेच दुसऱ्या कुणाला तरी, "हां, बघ, सुटतंय." काय सुटतंय हे कुणी त्याला सांगितलं नाही. त्यानंतर चंदेरी पडदा खाली आला आणि सगळं पाण्यासारखं डचमळलं.

पाच दिवस तो पालथा होता. डोंबिवलीच्या घरात, टेबलाच्या काठावर तीन उशा, त्यावर कपाळ, आणि डाव्या डोळ्यासमोर जमिनीची दोन फरश्यांएवढी जागा. त्या जागेतून पाय जात. योगिनीचे, रंगवलेल्या नखांचे, बसमध्ये उभं राहिल्यासारखे सतत भार बदलणारे. शेजारच्यांचे, घरात शिरताना चपला न काढणारे. सुमतीचे, भेगा पडलेले, एका टाचेवर जुनं भाजल्याचं पांढरं. हे भाजणं कधीचं, हे त्याला माहीत नव्हतं. संसाराच्या छत्तीस वर्षांत त्या पायांकडे पाहण्याचं त्याला कारण पडलं नव्हतं. पालथ्या माणसाला कुणी फारसं विचारत नाही, त्यामुळे मन मोकाट सुटतं, आणि त्याचं मन आंबिवलीच्या कमलेशपाशी जाऊन थांबलं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची बॅच. पंचवीस जर्नलांत चोवीस ठिकाणी नऊशे एक्क्याऐंशी आणि कमलेशकडे नऊशे एक्क्याण्णव, खाडाखोड केलेलं, घामटलेलं. "सर, माझं हेच येतंय." त्र्यंबकने त्याला तीनदा प्रयोग करायला लावला. तिन्ही वेळा नऊशे नव्वदच्या आसपास. "तुझ्यासाठी पृथ्वी वेगळी ओढते काय रे?" असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता आणि सगळे हसले होते. त्याला त्याने प्रॅक्टिकलला कमी गुण दिले. मे महिन्यात सामानाची मोजदाद करताना लंबकाच्या टेबलावरची, पंचवीसही जणांनी आळीपाळीने वापरलेली लाकडी मीटरपट्टी हातात आली, तिचं शून्याकडचं टोक झिजून जवळजवळ एक सेंटिमीटर गेलं होतं. त्या पट्टीने मोजलेला एक मीटर नव्व्याण्णवच सेंटिमीटरचा. त्या पट्टीने कुणालाही नऊशे एक्क्याऐंशी येणं शक्यच नव्हतं. चोवीस बरोबर उत्तरं खोटी होती आणि एक चुकीचं उत्तर खरं. त्र्यंबकने नोंदवहीत लिहिलं, 'मीटरपट्टी, एक, निकामी', आणि ती मोडून टाकली. कमलेशचा पत्ता कार्यालयात होता.

"तूप," सुमती म्हणाली. ती जमिनीवर बसून, त्याच्या चेहऱ्याखाली वाटी धरून त्याला भात भरवत होती.

"काय?"

"टिटवाळ्याला तूप वाढायला आले तेव्हा तुम्ही वाटी ताटाबाहेर धरलीत. सतरंजीवर सांडलं. वहिनी पुसत होती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

सुमतीने पुढचा घास केला. "तुम्ही रोज लिहीत होतात ना. म्हटलं वहीत असेल."

तो घास त्याने बराच वेळ चघळला. स्वतःबद्दल इतका स्वच्छ तिटकारा त्याला आजवर कुणाबद्दल वाटला नव्हता, आणि इतरांवर त्याने आयुष्यभर किती पातळ करून तो वाटला होता हे त्याला त्या दोन फरश्यांवर बघताना कळलं. "नवी वही आण," तो म्हणाला. "आणि लिहायचं तू. मी फक्त सांगणार."

"मला कुठे जमतंय."

"रकाने तीन आहेत. जमेल."

दुसऱ्या आठवड्यात गॅस ओसरू लागला. नजरेच्या वरच्या कडेला पाण्याची सपाट रेघ उतरली, दिवसाला थोडी थोडी खाली. बुडबुडा डोळ्यात वर असतो आणि दिसतो खाली, हे त्याने सुमतीला कागदावर आकृती काढून समजावलं आणि तिला ते एका झटक्यात समजलं याचा त्याला किंचित राग आला. शेवटी एक गोल थेंब उरला, तो दोन दिवस तळाशी गरगरला आणि गेला. महिन्याने दिपिकाने तक्ता दाखवला तेव्हा उजव्या डोळ्याला वरचं मोठं अक्षर दिसलं, तिरकं बघून. "एक अक्षर आलं काका," ती म्हणाली. तिने नवी वही मागितली, उघडली, सुमतीचं वेडंवाकडं अक्षर बघितलं, एका पानावरचा हळदीचा डाग बघितला आणि परत केली. दिव्यासमोर धरली नाही.

नवी वही सुरू होऊन सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, सुमती पेन घेऊन बाकावर बसली आणि त्र्यंबक फ्रिजसमोर उभा राहिला. त्याने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"उजवा?"

तो ओळीओळीने मोजत गेला. "दोनशे एकतीस."

तिने लिहिलं. "डावा?"

तळहात उजव्या डोळ्यावर आला. डावा रोज चारशे असायचा; सुमतीने चाराचा आकडा काढून ठेवला होता. त्र्यंबक मोजत होता. त्याने सुरुवातीपासून पुन्हा मोजलं. कुकरची शिट्टी झाली, सुमती उठू लागली, त्याने बसून राहायची खूण केली. मग तिसऱ्यांदा मोजलं, ठिपक्याच्या खालून, बोट कागदाला न लावता.

"चार खोड," तो म्हणाला.

सुमतीने आकडा खोडला आणि तो सांगेल तसं लिहिलं. उजवा २३१. डावा ३९१.